दसऱ्याच्या सकाळचं पांढरं पाणी

१

तवनाप्पा मगदूमांच्या कपाटात वनस्पतिशास्त्राचा एक जाडजूड ग्रंथ होता आणि त्या ग्रंथाच्या पोटात एक निळं आंतर्देशीय पत्र सत्तावीस वर्षं पडून होतं. मलकापूरहून आलेलं. मजकूर चारच ओळींचा. 'सर, ते भिंग मी घेतलेलं नाही. सगळे मलाच चोर म्हणतात. तुम्ही तरी सांगा, तुम्हाला काय वाटतं? एक ओळ लिहा. – प्रियदर्शनी.'

तवनाप्पा तेव्हा कोल्हापुरातल्या एका कॉलेजात प्रात्यक्षिकं घेत. सूक्ष्मदर्शकाचं सगळ्यांत किमती भिंग हरवलं आणि त्या दिवशी प्रयोगशाळेतून शेवटी बाहेर पडली होती ती ही मुलगी. तिसऱ्या दिवशी भिंग सापडलं. तवनाप्पांच्याच खणात, कापसाच्या गुंडाळीत. त्यांनीच ते पुसून ठेवलं होतं आणि ते साफ विसरले होते. विभागप्रमुखांच्या कानावर त्यांनी हे घातलं, पण इतक्या खालच्या आवाजात की प्रमुख म्हणाले, "मिळालं ना? मग आता वाच्यता नको." तोवर मुलगी कॉलेज सोडून गेली होती. मग पत्र आलं. तवनाप्पांनी अकरा वेळा उत्तर लिहायला घेतलं आणि अकरा वेळा कागद फाडला.

ते पत्र त्यांना नेमकं आठवलं दसऱ्याच्या सकाळी सात वाजता, उचगावच्या हद्दीतल्या 'नीलधारा' जलतरण तलावाच्या काठावर. कारण पिराजी, तलावाचा पंपवाला, दोन्ही हात जोडून त्यांच्यापुढं उभा होता आणि म्हणत होता, "म्या न्हाई केलं वो. सर, तुमी तरी सांगा की."

आणि त्याच्या मागं तलाव पांढराफटक पडला होता.

या तलावाचं पाणी असं होतं, की सव्वादोन मीटर खोलीवर पडलेल्या रुपयावरचं साल काठावरून वाचता यावं. आज पहिली पायरीसुद्धा दिसत नव्हती. जणू कुणी पाण्याच्या डोळ्यात फूल पाडलं होतं. तवनाप्पांना पोहता येत नसे. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं म्हणून ते रोज उथळ बाजूला तासभर चालत आणि मग बाकावर पुस्तक वाचत. तरी ते पाणी पाहून त्यांना घरातलं माणूस आजारी पडल्यासारखं झालं.

"रविवारी जिल्ह्याच्या स्पर्धा हाईत!" पोहण्याचे प्रशिक्षक विजयसिंह ओरडत होते. छाती अशी, की शिट्टी न वाजवता दुसऱ्या टोकाला आवाज पोचावा. "दीडशे पोरं येणार. आणि ह्यानं चुना ओतलाय मर्दानं! नवमीला गावाकडं जायला सुट्टी दिली न्हाई म्हणून राग काढलाय."

"चुना कशाला ओतू सायेब? सा वरसं ह्या पान्याची राखण करतोय."

तलावाच्या मंडळाचे अध्यक्ष अभिनंदन चौगुले कपाळाला हात लावून उभे होते. त्यांचा बंगला तलावाला लागूनच, मधे एक छोटं फाटक. भला माणूस, पण घाईत निर्णय घेणारा. "हे बघा," ते म्हणाले, "चार वाजता मंडळाची बैठक घेतो. सोनं लुटायला जायच्या आधी काय तो निकाल. पिराजीनं केलं असेल तर पोलिसांत तक्रार, आणि तलाव आजच रिकामा करायला घ्यायचा."

"रिकामा करून परत भरायला चार दिवस लागत्यात," पिराजी पुटपुटला.

तवनाप्पांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. "मला... म्हणजे... थोडं पाणी नेऊ का मी? बघायला?"

"न्या की," विजयसिंह म्हणाले. "चहात घाला."

२

पिराजीनं दोन्ही हातांनी बाटली भरून दिली. ते हात तवनाप्पांना चांगले माहीत होते. महिन्यापूर्वी याच हातांनी त्यांच्यापुढं चिमूटभर पांढरी पावडर धरली होती.

"सर, तुमी शिकलेलं. ही पावडर म्हंजी नेमकं काय हो? दर खेपेला फिल्टरात घालतोय, पन काय हाय ते कुनी सांगत न्हाई. पोत्यावर लिवलंय, नाकातोंडाला बांधून मगच हात लावा. म्या बांधतोय. पन कशाला ते ठावं न्हाई."

त्या दिवशी तवनाप्पांनी घरून आपला पितळी सूक्ष्मदर्शक आणला होता, कॉलेजनं मोडीत काढलेला. बाकावर मांडून, आरशात ऊन धरून त्यांनी पिराजीला डोळा लावायला सांगितला. पिराजीनं बघितलं आणि त्याचा डोळा तिथून निघेना. त्या चिमटीत चाकं होती. आऱ्यांची, नक्षीची, काचेची चाकं. होड्या होत्या, चाळण्या होत्या, कुंकवाच्या करंड्यासारख्या झाकणाच्या डब्या होत्या, आणि प्रत्येकीला ओळीनं इतकी बारीक भोकं, की कुठल्याच सोनाराच्या हाताला जमू नयेत.

"आरं द्येवा," पिराजी म्हणाला. "हे म्या फावड्यानं वडतोय?"

मग फाटकातून रोजच्यासारख्या आलेल्या अक्काताईंनी, अध्यक्षांच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईंनी, पदर सावरत डोळा लावला. त्यांच्यामागून झाडू टेकवून तलावाची झाडलोट करणाऱ्या बायडाबाईनं. विजयसिंहांनी सुद्धा, 'बघू तरी' म्हणत. सगळ्यांनी एकदम विचारलं, हे काय आहे? आणि चार माणसं एकाच वेळी आपल्याकडं बघतायत म्हटल्यावर तवनाप्पांची नेहमीची गत झाली. "हे पाण्यातले... जीव. करंडक वनस्पती म्हणतात. म्हणजे तसं... नक्की सांगायचं तर..." एवढ्यात शिट्टी वाजली, पोरं पाण्यात पडली, आणि वाक्य तिथंच राहिलं.

आता त्याच बाकावर त्यांनी बाटली ठेवली. खिशातलं लिंबू काढलं. नवरात्रात बायकोनं दृष्ट काढायला दिलेलं, टाकायचं राहून गेलेलं. बाटलीच्या तळाशी बसलेला पांढरा गाळ त्यांनी बशीत घेतला, वर लिंबू पिळलं आणि कान लावला.

बशी गप्प होती.

बायडाबाई झाडू घेऊन जवळ येऊन उभी राहिली होती. तिचा चेहरा उतरला होता. "सर, आता माज्यावर येतंय बघा. फाटकाम्होरं रांगोळी म्याच काढती. पांढरी पावडर म्हनल्यावर हितं दुसरं कुनाकडं हाय?"

"तुमची रांगोळी आणा थोडी," तवनाप्पा म्हणाले.

रांगोळीवर लिंबू पडताच ती फसफसून उठली. फाटकाला मारायला आणलेल्या चुन्याच्या पिशवीतली चिमूटही थोडी फसफसली.

"तुमची रांगोळी नाही. चुनाही नाही," तवनाप्पा म्हणाले. "चुना असता तर थेंब तरी उकळला असता." त्यांनी बशी उचलून उजेडात धरली. गाळ पांढरा होता, पण नव्या पोत्यातल्या पावडरीसारखा नाही. किंचित करडा.

हायसं वाटायला हवं होतं. पण चुना नाही, रांगोळी नाही, म्हणजे उरली एकच पांढरी पावडर. पिराजीची. आणि पंपघराची किल्ली फक्त पिराजीच्याच कमरेला होती.

३

"तुम्ही किती वाजता आलात आज?" तवनाप्पांनी बायडाबाईला विचारलं.

"सा वाजता. दारावर तोरन बांधायचं हुतं. आली तवा पानी असंच. म्या बोंब ठोकली, मग सायेब आलं, मग विजयसिंग आलं. पिराजी सातला आला."

"पंप चालू होता तेव्हा?"

"कसा चालू आसंल? काल खंडेनवमी झाली न्हवं? म्हशीन पुजली की आज सकाळपातूर हात लावत न्हाईत तिला. काल बारा वाजता नारळ फोडला, सगळी घरी गेली. म्या पन गेलती."

तवनाप्पांनी वहीत काहीतरी लिहिलं. अक्षर इतकं बारीक, की बायडाबाईला वाटलं ते नुसतीच पेन्सिल टोकताहेत.

"आनि एक," ती म्हणाली. "उथळ बाजूच्या कठड्यावर फडकं वाळत पडलंय. पांढरं, दुहेरी. कुना पोराचं राहिलं आसंल. चांगलं हाय म्हनून घडी घालून ठेवलंय. चोरलं न्हाई हां म्या."

"नाही, नाही," तवनाप्पा घाईनं म्हणाले.

विजयसिंह पायऱ्यांपाशी फोनवर टँकरवाल्याशी हुज्जत घालत होते. तवनाप्पा त्यांच्यासमोर तीन वेळा खाकरले.

"बोला की सर! घशात काय अडकलंय?"

"हा फिल्टर तुम्हाला... आवडत नाही म्हणे."

"न्हाईच आवडत! वाळूचा फिल्टर बसवा म्हणून मी दोन वर्षं सांगतोय. वाळू एकदा भरली की चार वर्षं बघायला नको. ह्याचे लाड किती! पावडर घाला, काटा बघा, धुवा, परत पावडर घाला." आवाज थोडा खाली आला. "पण पाणी देतो, ते खरं. ह्या पाण्यात पोरगं सूर मारतं न्हवं, तर काचेत उडी घेतल्यागत वाटतंय. मी कशाला घाण करीन ते? माझी पोरं रविवारी पाण्यात हाईत."

"तुम्ही काल संध्याकाळी...?"

"दसरा चौकात होतो. शंभर माणसांनी बघितलंय. चौकशी माझी न्हवं, पिराजीची करा. काल ह्यानं फिल्टर उघडला, परत लावताना एखादं कापड फाडलं. तिथनं पावडर पाण्यात आली. चूक लपवायला आता भोळा बनतोय."

तवनाप्पांनी तेही वहीत लिहिलं. कारण हे बोलणं शहाण्याचं होतं. ते पायऱ्यांवर खाली वाकले. दगडी काठावर एक पांढरं वर्तुळ उमटलं होतं, तळहाताएवढं, कशाच्या तरी बुडाचं. शेजारी दुसरं. मग तिसरं. फाटकाच्या बाजूनं ओळीनं आलेली.

"बादली ठेवली असेल कुणी," ते स्वतःशीच म्हणाले. पण इतक्या लहान बुडाची बादली त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

४

पंपघरात फिल्टरची टाकी उभी होती. पुरुषभर उंच, पोटाला पोलादी पट्टा. पट्ट्यावर कालची झेंडूची माळ, हळदीकुंकवाची पाच बोटं. पिराजी तिच्यापुढं उकिडवा बसला होता, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसा.

"मला हे समजावून सांग," तवनाप्पा म्हणाले. "मला यातलं काही कळत नाही."

पिराजीनं आधी संशयानं पाहिलं. पण सर खरंच वही काढून बसले होते.

"ह्या टाकीत आट पाकळ्या हायत्या, सर. जाळीच्या, वर कापड शिवलेलं. कमळावानी गोल उभ्या ऱ्हात्यात. पन नुसतं कापड काय गाळतंय? खरं गाळती ती पावडर. बादलीत पान्यात कालवायची, ताकागत पातळ, आनि पंप चालू करून पंपाच्या तोंडाशी हळूहळू सोडायची. पान्याबरुबर ती आत जाती आनि कापडावर बसती. भाकरीवर तूप लावावं तसा थर. मग आख्खं पानी त्या थरातनं जातंय. केसाच्या इसाव्या भागाएवढी घान बी आडती."

"आणि थर बुजला की?"

"ह्यो काटा." त्यानं टाकीवरचं घड्याळ दाखवलं. "ताज्या थराला बारावर आसतो. बावीसवर गेला की समजायचं, दम लागला. मग पानी उलटं सोडायचं, जुनी पावडर घानीसकट भाईर. त्यो पाइप मागच्या हौदात जातो. तिथं गाळ बसतो, वरचं पानी बागंला. मग नवी पावडर. ती घातल्याबिगर पंप लावायचा न्हाई. न्हाई तर घान सरळ कापडात घुसती, कापड कायमचं मेलं."

"आणि काल?"

"काल वरसाची मोठी धुनी. आदी पंप बंद, मग हवेचा कॉक सोडून दाब उतरवला, काटा शून्यावर आला, तवाच पट्टा सोडला. दाब आसताना पट्टा सोडला तर झाकान तोफंगत उडतंय. पाकळ्या भाईर काढल्या, हौदावर धरून धुतल्या. उनात बगितल्या. एकीला बी भोक न्हवतं, सर. आईची आन." त्याचा आवाज फुटला. "नवी पावडर घालायला पंप लावाय लागतोय. पूजा झालती. म्हनलं, सकाळी घालू. आजून घातलीच न्हाई."

तवनाप्पांची पेन्सिल थांबली.

"पिराजी, पावडर अजून टाकीत नाहीच?"

"न्हाई की. पोतं तिथं हाय बगा, तोंड शिवलेलं."

"आणि पाकळ्या धुतलेल्या, कोऱ्या. पंप बंद. मग कापड फाटलेलं असो नसो, टाकीतून येणार काय? आणि आलं असतं तर पाणी परत तलावात सोडणारी जी तोंडं आहेत..."

"ती सगळी खोल बाजूला."

"आणि गाळ सगळ्यांत दाट आहे उथळ बाजूला, पायऱ्यांपाशी. मी काठीनं बघितलं."

पिराजी उठून उभा राहिला. "म्हंजी फिल्टरची चूक न्हाई?"

"फिल्टरची नाही." तवनाप्पा म्हणाले, आणि मग त्यांना भीती वाटली. फिल्टरची चूक नाही, म्हणजे कुणीतरी हातानं आणून ओतलं. आणि समोर उभा असलेला, हातावर घट्टे पडलेला, टाकीला माळ घालणारा हा माणूस सोडला, तर या पावडरीला हात लावायला दुसरं कोण धजेल?

५

रिक्षानं घरी जाऊन त्यांनी सूक्ष्मदर्शक आणला. तीन वाजले होते. बाकावर ऊन होतं. काचपट्टीवर गाळाचा थेंब ठेवला, आरसा फिरवला, डोळा लावला.

चाकं. होड्या. डब्या. पुन्हा तोच श्वास अडकला. बावन्न वर्षं ते हे बघत होते आणि एकदाही सवय झाली नव्हती. कोटीभर वर्षांपूर्वी कुठल्याशा सरोवरात या जगल्या, उन्हावर वाढल्या, पाण्यातली वाळू पिऊन तिचं काचेचं घर बांधलं, आणि मेल्या. घरं तळाशी पडली. एकावर एक, इतकी, की डोंगर झाला. आणि तो डोंगर खणून, पोत्यात भरून उचगावात आला, उचगावातल्या पोरांचं पाणी गाळायला. मधे केसांचे तुकडे होते, शेवाळाचे धागे होते. म्हणजे ही वापरलेली पावडर. जुनी. धुऊन काढलेली.

एवढ्यात एक होडी हलली.

तवनाप्पांनी डोळा काढला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. सोनेरी, निमुळती होडी. पोटात रंगाचे दोन डाग. कुणी वल्हवत नसताना ती मेलेल्या चाकांमधून संथ, सरळ चालली होती, थांबली, आणि आली त्याच वाटेनं मागं गेली. जिवंत.

त्यांच्या अंगावर काटा आला. काही क्षण ते तलाव, पिराजी, बैठक सगळं विसरले. मग हळूहळू विचार जागेवर आला. तलावात रोज क्लोरीन पडतं. तिथं ही जगणार नाही. फिल्टरच्या अंधारात तर नाहीच. ही वाढली उघड्यावर, उन्हात, साचलेल्या पाण्यात. कालपासून पंप बंद, क्लोरीनही पडलं नाही, म्हणून रात्रभर तगली. आणि उघडं, साचलेलं पाणी इथं एकाच ठिकाणी होतं.

मागचा हौद. त्याला कुलूप नव्हतं.

ते फाटकाजवळच्या त्या हौदापाशी गेले. काल धुतलेला सगळा गाळ तिथं असायला हवा होता. हौदाचा तळ खरवडलेला होता, निगुतीनं. वर एक वाटी पाणी टाकून धुतल्यासारखा. आणि हौदापासून पायऱ्यांपर्यंत ती लहान वर्तुळं.

सूड घेणारा माणूस हौद धूत नाही. चूक लपवणाराही नाही. टाकून द्यायची घाण कुणी पुन्हा त्याच पाण्यात, पायरीवर बसून, हलक्या हातानं कशाला सोडेल? ज्या पाण्यातून काढली, नेमक्या त्याच पाण्यात?

त्यांना कठड्यावरचं फडकं आठवलं. त्यांनी ते उलगडलं. दुहेरी, जाड, पांढरं. असं फडकं त्यांच्या स्वतःच्या घरात माठाच्या तोंडावर होतं. त्यांच्या आईच्या हातात होतं. आई विहिरीचं पाणी गाळायची, मग गाळणं उलटं करून, वरून गाळलेलं पाणी सोडून, अडकलेले जीव पुन्हा त्याच विहिरीत पोचवायची. जिवाणी म्हणायची ती त्याला. जीव ज्या पाण्यातला, त्याच पाण्यात गेला पाहिजे.

'हे पाण्यातले... जीव,' तवनाप्पांनी स्वतःच सांगितलं होतं. आणि पुढचं वाक्य गिळलं होतं.

ते हौदाच्या काठावर मटकन बसले. चार वाजत आले होते, आणि फाटकापलीकडच्या बंगल्यातून अध्यक्ष बैठकीला निघाले होते.

६

मंडळाचे लोक बाकांवर बसले. पिराजी भिंतीला टेकून उभा. बायडाबाई लांब, पण ऐकू येईल एवढ्या अंतरावर.

"मगदूम सरांना काही सांगायचंय," अभिनंदन म्हणाले. "थोडक्यात सांगा, सर."

तवनाप्पा उभे राहिले. वही उघडली. अक्षरं दिसेनात. "नाही... म्हणजे मी काय... कदाचित चुकत असेन..."

"सर!" पिराजी एवढंच म्हणाला.

तवनाप्पांनी वही मिटली. आणि मग बोलले. अडखळत, पण बोलले. लिंबू, रांगोळी, पंप बंद, कोऱ्या पाकळ्या, शिवलेलं पोतं, उथळ बाजूचा गाळ, काठावरची वर्तुळं, आणि ती चालणारी होडी. लोक पुढं सरकून ऐकू लागले. विजयसिंहांनी फोन खिशात टाकला.

"तर गाळ हौदातला आहे. कुणीतरी वाहून आणून सोडला. रागानं नाही. उलट. ज्यानं केलं त्यानं... दयेनं केलं."

"दया?" विजयसिंह म्हणाले. "कोडी घालू नका, सर. नाव सांगा. कोण ते?"

तवनाप्पांनी अध्यक्षांकडं पाहिलं. अभिनंदन त्यांच्याकडं सरळ, काही न कळून बघत होते. सत्तावीस वर्षांपूर्वी असंच टेबलापलीकडून विभागप्रमुखांचं तोंड त्यांच्याकडं बघत होतं आणि त्यांचा आवाज बसला होता.

"मी," तवनाप्पा म्हणाले. "मी केलं."

एकदम गलका झाला. पिराजीचा हात भिंतीवरून सुटला.

"माझ्यामुळं झालं. मी या पावडरीला जीव म्हणालो. पुढं सांगायला हवं होतं की ते मेलेत. कोटी वर्षांपूर्वीच मेलेत. ही त्यांची रिकामी घरं आहेत. ते मी सांगितलं नाही. त्या अर्ध्या वाक्यानं पाणी पांढरं झालं. शिक्षा मला करा. पिराजीला नको."

"मास्तर, खोटं कशाला बोलताय?"

फाटकात अक्काताई उभ्या होत्या. गावातल्या जैन देवळातून, बस्तीतून आल्या होत्या, कपाळावर गंध. काखेत पितळेची लहान कळशी. तिचं बूड तळहाताएवढं होतं.

"आई, तू घरी जा," अभिनंदन म्हणाले.

"गप रे. सकाळधरनं बस्तीत होते, आत्ता ऐकतेय मी हे. ह्या पिराजीला चोर ठरीवलं व्हय तुम्ही?" त्या पिराजीपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "मी टाकलं. काल जेवण उरकून, दिवस मावळायच्या आत. एकवीस खेपा केल्या. एवढे लाख लाख जीव गाळून काढायचे आणि हौदात वाळवून मारायचे? महिना झाला, मला झोप न्हाई. काल सगळे गेलेलं बघितलं आणि ज्या पाण्यातले त्या पाण्यात नेऊन सोडले. गाळणं तिथंच राहिलं बघ." त्यांनी तवनाप्पांकडं पाहिलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज हलला. "रिकामी घरं, मास्तर? खरंच?"

"खरंच, अक्का."

"मग मी एकवीस खेपा मेलेल्यांनाच वाहिलं?"

तवनाप्पांनी अक्काताईंचा हात धरला. त्यांना बाकाशी नेलं, आरसा उन्हाकडं वळवला आणि म्हणाले, "बघा. एक सोडून."

अक्काताईंनी डोळा लावला. सगळे थांबले. त्या अगदी हळू म्हणाल्या, "चाललाय की. एकटाच. त्या सगळ्यांच्या मधनं."

मग विजयसिंहांनी बघितलं. मग अध्यक्षांनी. मग तक्रार लिहायला आलेल्या सेक्रेटरींनी, हातातला कागद बाकावर ठेवून.

७

तलाव रिकामा केला नाही. टाकी शाबूत होती, म्हणजे पाणी वाचवायचं काम टाकीच करणार होती. पिराजीनं नाकाला फडकं बांधलं, नवी पावडर ताकासारखी कालवली आणि पंपाच्या तोंडाशी सोडली. पाकळ्यांवर थर बसला आणि पांढरं पाणी त्या थरातून जाऊ लागलं. जुनी घरं नव्या घरांपाशी अडू लागली. ज्यानं पाणी गढूळलं होतं, त्यानंच ते निवळत होतं, आणि तवनाप्पा दोन दिवस काट्यासमोर बसून हे असं बघत होते, जसं कुणी देवळात बसतं. काटा बावीसवर आला की पिराजी उलटं पाणी सोडी, पुन्हा थर देई. असं चार वेळा झालं. ती सोनेरी होडी अक्काताईंनी काचपट्टीसकट स्वतः हौदात सोडली. हौदाचं पाणी आटू द्यायचं नाही, असं त्यांनी मुलाकडून कबूल करून घेतलं.

शनिवारी संध्याकाळी विजयसिंहांनी खोल बाजूला एक रुपया टाकला आणि काठावरून साल वाचलं. मग पिराजीच्या खांद्यावर हात ठेवून त्याला टपरीवर नेलं आणि चहा पाजला. माफीचं काही बोलले नाहीत. पण दुसरा कप त्यांनी आपणहून मागवला.

रविवारी पोरं पोहली. तवनाप्पा बाकावर होते, पण पुस्तक मिटलेलं होतं.

सोमवारी ते पोस्टात गेले. पाकिटात एकच कागद होता, बाराव्या खेपेचा. 'चि. प्रियदर्शनी, भिंग तू घेतलं नव्हतंस. ते माझ्याच खणात होतं, मीच ठेवलं होतं, आणि हे मला तिसऱ्या दिवशी कळलं होतं. मी गप्प राहिलो. हे तू कुणालाही दाखवावंस म्हणून खाली सही करतो आहे. – तवनाप्पा मगदूम.' सोबत आपट्याचं एक पान.

खिडकीपलीकडच्या मुलीनं पाकीट उलटसुलट केलं. "पत्ता लई जुना दिसतोय, आजोबा. ह्या बाई मलकापुरात आता असतील का?"

"ठाऊक नाही. नसली तर परत येईल ना?"

"येईल की."

"मग मी स्वतः तिला शोधून नेऊन देईन," तवनाप्पा म्हणाले, आणि आपला आवाज रांगेतल्या शेवटच्या माणसानंही ऐकला, हे त्यांना जाणवलं.

मुलीनं शिक्का उचलला आणि पाकिटावर जोरात मारला.